लोकरीचे टाके आणि ऋतूंची ओळख

हिवाळा आला की बाजारात स्वेटर-कानटोप्यांची दुकानं लागतात. पण माझ्या घरी थंडीची तयारी श्रावणातच सुरू होते. विणकाम हा माझा आवडता छंद. आईच्या शेजारी बसून मी सुलट-उलट टाके शिकले. आता शाळेतली मुलं माझ्या शेजारी बसून शिकतात. हो, मुलगेसुद्धा!

आमची शाळा निफाड तालुक्यात. राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी आली, की त्यात निफाडचं नाव बहुतेक असतंच. द्राक्षबागांना थंडीचा फटका बसू नये म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा सकाळी परिपाठाला मुलं हात काखेत दडवून उभी असतात. म्हणून मी मफलर आणि कानटोप्या विणायला लागले.

तुम्ही म्हणाल, यात निसर्ग कुठे आला? तर बघा, सुलट टाका एकदा हाताला बसला की सारखं खाली बघावं लागत नाही. हात चालू राहतात आणि डोळे मोकळे होतात. पावसाळ्यात आम्ही व्हरांड्यात विणत बसतो, तेव्हा समोरच्या विहिरीवरच्या बाभळीवर सुगरण पक्ष्याचा नर गवताच्या पात्या गुंफत असतो. तो घरटं अर्धं विणतो, मादीला पसंत पडलं तरच पूर्ण करतो. ‘बाई, त्याला सुया लागत नाहीत!’ हे मुलांनीच शोधून काढलं.

थंडीत नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी येतात. राज्यातलं हे पहिलं रामसर स्थळ आमच्याच तालुक्यात आहे. पहाटे चक्रवाक बघायला जाताना मुलांच्या गळ्यात स्वतः विणलेले मफलर असतात. पुढे पळस आणि काटेसावर फुलले की त्यांच्यावर पळसमैनांचे थवे उतरतात. उन्हाळ्यात घामाने लोकर हाताला चिकटते, म्हणून तेव्हा विणायचं नाही, उसवायचं. जुने, आखूड झालेले स्वेटर उसवून, लोकर धुऊन, वाळवून पुन्हा गुंडे करायचे. मृगाचा पाऊस पडेपर्यंत लोकर तयार!

यातून अभ्यासही आपोआप होतो. स्वेटर ऊब तयार करत नाही, टाक्यांमध्ये अडकलेली हवा आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते, हे मुलांना लगेच पटतं. चाळीस टाक्यांची सुई ‘एक सुलट, एक उलट’ विणताना सम-विषम संख्या पक्क्या होतात. टाका गळला तर कुठे गळला ते शोधून परत उचलावा लागतो. रागावून उपयोग नसतो.

दिवाळीनंतर आमच्या वर्गात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं येतात. उसाच्या पाचटाच्या कोपीत राहणारी. त्यांच्यातली चौथीतली एक मुलगी धाकट्या भावासाठी मफलर विणत होती. मार्चमध्ये हंगाम संपला, मफलर अर्धाच झालेला. मी सुया आणि उरलेली लोकर तिच्याजवळच दिली. ती म्हणाली, ‘बाई, पुढच्या वर्षी सुया परत आणून देते.’ पुढच्या वर्षी त्यांची टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. सुया परत आल्या नाहीत, आणि मला त्याचा आनंदच आहे. तिच्या हातात त्या चालू असाव्यात, एवढंच वाटतं. शाळा सुटली तरी हातातली कला सुटत नाही.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, एक गुंडा लोकर आणि आठ नंबरच्या दोन सुया, एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्यांदा वीस टाके घाला आणि सगळे सुलटच विणू द्या. कडा वाकड्या झाल्या तर होऊ द्या. एक काळजी मात्र घ्या. बाजारातली बरीचशी लोकर ॲक्रिलिकची असते, ती ठिणगीने वितळते. तेव्हा तो मफलर घालून मुलांना शेकोटीच्या फार जवळ बसू देऊ नका. आणि विणायला बसवाल ते खिडकीत किंवा अंगणात बसवा, टीव्हीसमोर नको. बाहेर रोज काहीतरी बदलत असतं, ते त्यांना दिसू द्या.