पाकिटाची मागची बाजू

‘दादा, तापाची एक स्ट्रिप द्या आणि सर्दीचीही द्या.’ मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलं की माझा हात थांबतो. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच; सोबतीला नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन, शिंका आवरणारं क्लोरफेनिरामिन, कधी कॅफीन. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चारदा घेतली की २६०० होतात. त्यात ५०० ची सर्दीची गोळी तीनदा, म्हणजे ४१००. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० ची. किरकोळ अंगाच्या, रोज दारू घेणाऱ्या किंवा यकृताचं दुखणं असलेल्या माणसाला तीही जास्तच. शिवाय यकृत दुखावत असतं तेव्हा पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसं काही जाणवत नाही. उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन. पण तो लवकर मिळायला हवा. डोस जास्त गेल्याचं कळलं, की त्रास व्हायची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

म्हणून ठळक छापलेलं नाव बाजूला ठेवा आणि ‘इच टॅब्लेट कंटेन्स’ ही ओळ शोधा. डोलो काय, क्रोसिन काय, कॅलपॉल काय, खाली पॅरासिटामॉलच निघेल. चकचकीत चंदेरी कागदावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं छापणाऱ्यांना एकदा त्यांच्याच आजोबांसमोर वाचायला बसवायला हवं! तोवर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, नाहीतर आम्हाला विचारा. विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा राग येणाऱ्या दुकानात जाऊच नका.

लहान मुलांच्या बाटल्यांचं प्रकरण याहून नाजूक. पॅरासिटामॉलच्या थेंबांत सहसा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये कधी १२०, कधी २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० पुरतात. घरात थेंबांची बाटली आहे आणि आजीने सिरप समजून पाच मिलिलिटर पाजलं, तर बाळाच्या पोटात मोठ्या माणसाची अख्खी गोळी गेली. तेव्हा बाटलीवरचे दोन्ही आकडे वाचायचे, किती मिलिग्रॅम आणि किती मिलिलिटरमध्ये. मापासाठी बाटलीबरोबरचं टोपण किंवा ड्रॉपरच घ्यायचा. चहाचा चमचा वेगळा, पोह्यांचा वेगळा. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, हा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. घरातली बाटली जुनी असेल, तर तिच्यावर तो नसेलही.

पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. शेजारच्या काकूंना गुण आला असला तरी.

मुदतीची तारीख १०/२०२६ असेल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पण बऱ्याच स्ट्रिपवर ही तारीख एकाच टोकाला असते, आणि दोन-चार गोळ्या कापून घेतल्या की ती आमच्याकडे राहते. बिलावर बॅच नंबर आणि मुदत असते. ते बिल मागून घ्या आणि त्याच पुडीत ठेवा.