लंगडा घोडा

आमचे वडील बैल विकत घेण्यास निघाले म्हणजे घरात दोन दिवस दुसरा विषय नसे. वसईकडील आमच्या वाडीचे शिंपणे रहाटाच्या पाण्यावर चाले, तेव्हा जनावर खोटे निघाले तर वर्षाची बागायत धोक्यात येई. बैल मनात भरला तरी वडील लगेच रुपये मोजीत नसत. तोंड उघडून दात पाहावेत, मानेवरून हात फिरवावा, खडकाळ जागेवरून चालवून पाय कसा टाकतो ते निरखावे, मग विकणाऱ्याच्या शेजाऱ्याकडे पाणी मागण्याच्या निमित्ताने बसून चार गोष्टी काढाव्यात, आणि एवढे करूनही ‘उद्या सकाळी सांगतो’ म्हणून घरी परतावे, अशी त्यांची रीत होती. अशा बापाचा मी मुलगा. तरीही गेल्या वर्षी या भोपाळ शहरी माझ्या डोळ्यांदेखत, नव्हे माझ्याच संमतीने, आमच्या घरच्या ३२ लाख रुपयांना एक लंगडा घोडा विकत घेतला गेला. ही हकीकत सांगावयाचा संकोच वाटतो. परंतु झाकून ठेवलेल्या चुकीचा कोणासच उपयोग होत नाही, म्हणून लिहीत आहे.

घोडा म्हणजे येथे मोटार समजावयाची. परदेशी बनावटीची, दोनच आसनांची, शर्यतीच्या धाटणीची. वाचक म्हणतील, आम्हा गावकऱ्यांना असल्या गाडीशी काय कर्तव्य? काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. परंतु आपल्याकडे वाड्या विकल्या जाऊ लागल्या, आणि ज्या घरांनी एकरकमी पैसा कधी पाहिला नव्हता त्यांच्या हाती तो एका सहीने येऊ लागला. माझे थोरले बंधू देवाघरी गेल्यावर त्यांची वाडी विकली गेली आणि त्यातील हिस्सा माझ्या पुतण्याला मिळाला. तो नोकरीनिमित्त येथे आमच्याकडेच राहतो. मुलगा कष्टाळू व निर्व्यसनी; रविवारची मिस्सा चुकवीत नाही. वेड एकच, वेगवान मोटारींचे. संध्याकाळी मोठ्या तलावाच्या काठाने, व्ही. आय. पी. रस्त्यावरून फिरावयास गेलो असता एखादी बुटकी गाडी गुरगुरत निघून जाई, आणि तो बोलता बोलता मध्येच थांबे.

तसली नवी गाडी घ्यावयाची तर कोटभर रुपये हवेत. दहा वर्षांची जुनी गाडी मात्र तिच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळते. येथेच पहिला खड्डा आहे. जुन्या गाडीची किंमत उतरते, पण तिला पोसण्याचा खर्च उतरत नाही. तिचे टायर, तिचे ब्रेक, तिच्या गिअरबॉक्सचा लहानसा भागदेखील नव्या कोटभराच्या गाडीच्याच दराने येतो. हत्ती स्वस्तात दारी बांधता आला, म्हणून त्याची वैरण काही स्वस्त होत नाही.

“काका, तुम्ही सोबत चला. तुमचा जन्म यंत्रांत गेला,” असे म्हणून पुतण्याने मला त्या दुकानी नेले. जन्मभर कारखान्यात काम केल्याचा मला थोडा गर्व होताच. दुकान कसले, काचेचा महालच तो. आत गारवा, चहा, पाणी, आणि मधोमध आरशासारखी चकाकणारी ती लाल गाडी. दुकानदार अतिशय नम्र. पुतण्याच्या गळ्यातील क्रूस त्याने पाहिला आणि मजकडे वळून म्हणाला, “अंकलजी, यह गाड़ी भी आपके ही समाज के एक डॉक्टर साहब की थी. बस इतवार को चर्च जाने के लिए निकालते थे.” हे ऐकून मला जो आनंद झाला, त्याची आज लाज वाटते. गाडीचे दात पाहावयाचे सोडून मी तिच्या धन्याचा धर्म ऐकूनच समाधान पावलो!

आता आठवते की आम्ही पोहोचण्यापूर्वीच इंजिन चालवून गरम करून ठेवलेले होते. मीटरवर ३१ हजार किलोमीटर दिसत होते. क्रमांकाची पाटी दिल्लीची होती. कागदपत्रे पंधरा दिवसांत येतील, आणि संध्याकाळी दुसरे एक गिऱ्हाईक येणार आहे, असेही आम्हांला सांगण्यात आले. पुतण्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. ‘उद्या सकाळी सांगतो’ हे वडिलांचे तीन शब्द तेव्हा मला सुचले नाहीत. मी मान डोलावली. दुसऱ्या रविवारी आमच्या धर्मगुरूंनी गाडीवर पवित्र जल शिंपडले आणि पुतण्याने संत ख्रिस्तोफरचे पदक आत लावले.

जुलैत पाऊस लागला आणि गाडीत ओल्या चिखलाचा वास येऊ लागला. गालिचा उचलला तो खाली वाळलेल्या गाळाचा थर. मग गिअर बदलताना हिसके बसू लागले, समोर पिवळा दिवा लागला, आणि एके सायंकाळी श्यामला हिल्सच्या चढावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, गाडी जागीच थांबली. त्या कंपनीची कर्मशाळा जवळ नव्हती. ट्रकवर घालून गाडी मोठ्या शहरी पाठवावी लागली. तेथे चेसिस क्रमांकावरून जुन्या नोंदी निघाल्या. तीन वर्षांपूर्वीच ही गाडी ७४ हजार किलोमीटर धावलेली होती. मीटर मागे फिरविलेले होते. कधीतरी ती पुराच्या पाण्यात बुडाली होती आणि गिअरबॉक्सच्या विजेच्या भागांना गंज चढला होता. दुरुस्तीचा अंदाज ११ लाखांचा. शिवाय गाडीवर बँकेचा बोजा तसाच होता, आणि दिल्लीचा ना हरकत दाखला आलेलाच नव्हता.

मग मी अभ्यासाला बसलो. घेण्यापूर्वी करावयाचा तो अभ्यास घेतल्यानंतर केला. त्यातून जे उमगले ते थोडक्यात सांगतो; कोणी जुना टेम्पो घेवो की जुनी स्कूटर, ते सर्वांच्याच कामाचे आहे.

पूर आला की शेकडो गाड्या बुडतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली. बुडालेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च फार झाला तर विमा कंपनी मालकाला भरपाई देते आणि गाडी लिलावात जाते. तेथून ती धुऊनपुसून दूरच्या गावी पुन्हा बाजारात उभी राहू शकते. यास्तव गालिचा उचलावा, आसनाखालील पट्ट्यांवरचा गंज पाहावा, आणि आसनाचा सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. कापडाच्या टोकाशी गाळाची रेघ राहिलेली असते. तेथवर धुणाऱ्याचा हात सहसा पोहोचत नाही.

दिल्लीच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येण्यास आणखी एक कारण घडले. तेथे १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. पुढे त्या नियमात बदल झाले. परंतु मुदत जवळ आलेल्या गाड्या बाहेर काढण्याची वाट तेव्हाच पडली. परराज्यातील गाडी आपल्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर नव्याने नोंदणी करावी लागते आणि येथील करही भरावा लागतो. दुकानातील किमतीत तो खर्च बहुधा धरलेला नसतो.

मीटरचा आकडा हा केवळ आकडा आहे. खरे वय इतर खुणा सांगतात. पायाखालची रबरे झिजलेली, सुकाणूचे कातडे गुळगुळीत झालेले, आणि मीटर मात्र कोवळे, असे दिसले की शंका घ्यावी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झाला असे समजावे. इंजिन थंड असतानाच आपल्यासमोर सुरू करावयास लावावे. आणि दुकानदाराच्या नव्हे, आपण पैसे दिलेल्या मेकॅनिककडून संगणकयंत्र जोडून तपासणी करावी. त्या तपासणीचे काही हजार आम्ही वाचविले आणि लाखांना मुकलो.

कागदांचे तर काय सांगावे! गुंठाभर जमीन घ्यावयाची तरी आपण सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, सोसायटीचा बोजा पाहतो. मोटारीलाही सातबारा आहे; त्याला आर. सी. म्हणतात. सरकारच्या ‘एम-परिवहन’ सोयीवर क्रमांक घातला की नोंदणीची तारीख, विमा व बोजा दिसतो. विक्री झाल्यावर घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. नाव बदलले नसेल तर अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या दुकानदारालाही परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते भिंतीवर आहे की नाही, हे आम्ही पाहिलेच नाही. भिंतीवरील आरसे मात्र पाहिले.

वकिलाची नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात बोजा उतरला आणि कागद हाती आले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारही केली. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार तेथे दोन वर्षांच्या आत करता येते. निकाल अजून व्हावयाचा आहे.

येथवरची गोष्ट फसवणुकीची झाली. खरी परीक्षा पुढेच होती. एका स्नेह्याने सल्ला दिला, “साठ हजारांत दिवा विझवून देतो, गालिचे बदलतो. तुम्हांला दिली तशी तुम्हीही कोणाला तरी द्या.” प्रांजळपणे कबूल करतो, त्या रात्री मला तो सल्ला वाईट वाटला नाही. ही वाडीच्या मातीची किंमत आहे, ती बुडू द्यावयाची काय, असे मन म्हणू लागले. पुतण्या गप्प होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे धर्मगुरूंकडे गेलो.

त्यांनी संत थॉमस अक्वायनस यांचा दाखला दिला. साडेसातशे वर्षांपूर्वी त्या महापंडिताने आपल्या ग्रंथात खरेदीविक्रीतील लबाडीवर एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते कोणासही दिसते. विकणाऱ्याने किंमत तेवढी उतरविली म्हणजे ते बोलून दाखविलेच पाहिजे असे नाही. परंतु जो दोष दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा जिवाला धोका होईल, तो सांगितलाच पाहिजे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणारा फसवणूक करतो आणि भरपाईस बांधला जातो, असे ते म्हणतात. धर्मगुरू एवढेच बोलले, “गाडीवरचा ओरखडा हा एकाक्ष घोडा. पाण्यात बुडालेले यंत्र हा लंगडा घोडा. आता तुम्हीच ठरवा.”

पुढे मला कळले की अर्थशास्त्रज्ञही निराळ्या वाटेने याच ठिकाणी येतात. अमेरिकेतील जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला; २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकात त्याचा मोठा वाटा होता. विकणारा दोष जाणतो, घेणारा जाणत नाही. म्हणून घेणारा भीतभीत मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा धनी आपली गाडी विकावयास काढीत नाही, आणि बाजारात खोट्याच गाड्या उरतात. एकाचे लपविणे सर्वांच्या विश्वासाचा घात करते.

त्याच आठवड्यात विदिशाकडील एक शेतकरी आपल्या तरुण मुलाला घेऊन गाडी पाहावयास आला. शेताचा तुकडा विकून मुलाची हौस पुरवावयाची होती. तो त्या लाल पत्र्यावरून हात फिरवू लागला, आणि मला काचेच्या महालातील मीच दिसू लागलो. मजकडे वळून तो म्हणाला, “भाई साहब, आप तो बुज़ुर्ग हैं. आप ही बताइए, गाड़ी ठीक है न?”

मी उत्तर देण्यापूर्वीच पुतण्या आत गेला, कर्मशाळेचा अहवाल घेऊन आला आणि त्या मुलाच्या हाती देऊन म्हणाला, “पहले यह पढ़ लो.” बापलेक अर्धा तास बसले, चहा घेतला आणि परत गेले. डिसेंबरात सर्व दोष कागदावर लिहून देऊन आम्ही ती गाडी सुटे भाग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला ९ लाखांना दिली. वाडीचे २३ लाख गेले. हा घाव लहान नाही, आणि तो लहान असल्याचे सोंग मी करणार नाही. परंतु त्या रात्री पुतण्या पुष्कळ महिन्यांनी शांत झोपला, असे त्याच्या काकूने मला सांगितले.

ईस्टरनंतर विदिशाहून नव्या शरबती गव्हाचे एक पोते आमच्या दारी आले. सोबत चिठ्ठी नव्हती; ती लागतही नव्हती.

वाचकहो, तुमच्या मुलाबाळांच्या हाती वाडीचा पैसा येईल तेव्हा त्यांना दुकानी अवश्य जाऊ द्या. पण जाताना माझ्या वडिलांचे तीन शब्द त्यांच्या पदरी बांधून द्या, ‘उद्या सकाळी सांगतो’. आणि एवढे करूनही लंगडा घोडा दारी आलाच, तर तो दुसऱ्याच्या दारी बांधू नका. संत ख्रिस्तोफरचे ते पदक पुतण्याने काढून घेतले. हल्ली ते त्याच्या जुन्या स्कूटरवर आहे.