मनोरीच्या खाडीवरची मिसवाक

मिसवाक माहीत नाही असं मुस्लिम घर सापडणं कठीण. जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर अत्तर, टोप्या आणि तस्बीहच्या शेजारी प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या त्या काड्या विकायला असतात. माझे अब्बा शेवटपर्यंत मिसवाकच वापरायचे. टोक चावून मऊ झालं की त्याचा ब्रश व्हायचा, झिजलं की तेवढं कापून टाकायचे. रमजानमध्ये तर शेजारच्या मुलांनाही वाटायचे. सुन्नत म्हणून, सवाब म्हणून, दातांना चांगली म्हणून. पण ही काडी कोणत्या झाडाची, ते झाड दिसतं कसं, हे पंचेचाळीस वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं.

विचारलं ते माझ्या वर्गातल्या एका मुलाने. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. गेल्या वर्षी आमची सहल भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेली होती. लोक तिथे प्राणी बघायला जातात, पण ती मुळात वनस्पती उद्यान आहे, १८६२ साली खुली झालेली. मुलांना पेंग्विनचीच घाई होती. मी मात्र भाषेची शिक्षिका, तेव्हा हुकूम सोडला, "झाडांवरच्या पाट्या वाचा आणि दहा नावं वहीत उतरवा." गोरखचिंचेच्या जाडजूड बुंध्यापाशी एकाने विचारलं, "मिस, मिसवाकचा झाड कुठं आहे?"

मी म्हटलं, "मिसवाकचा नाही, मिसवाकचं झाड." त्याने मान डोलावली आणि वाट बघत उभा राहिला. मी पुढे चालू लागले. व्याकरण दुरुस्त करून मी प्रश्न चुकवला होता, हे त्यालाही कळलं असणार.

घरी आल्यावर शोधलं. मिसवाकच्या झाडाला मराठीत पिलू म्हणतात, उर्दूतही पीलू, अरबीत अराक. शास्त्रीय नाव साल्वाडोरा पर्सिका. आपण वापरतो ती बहुतेक त्याची मुळं असतात, फांद्याही चालतात. हे झाड अरबस्तानच्या आणि राजस्थानच्या वाळूत वाढतं, एवढं अपेक्षित होतं. पण खारट जमिनीत तग धरत असल्यामुळे ते मुंबईच्या खाड्यांच्या काठीही वाढतं, आणि कांदळवनातल्या झाडांच्या यादीत त्याचं नाव असतं, हे वाचून मी थक्कच झाले. मक्केकडे तोंड करून जी काडी दातांवर फिरवली, तिचं झाड मालाडच्या पलीकडे चिखलात उभं असू शकतं!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मोबाईल आणि भाच्याचा जुना कॅमेरा घेऊन निघाले. मालाडहून बसने मार्वे, तिथून बोटीने खाडी ओलांडून मनोरी. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, आणि मुंबई मागे राहते. रस्त्याने यायचं तर भाईंदरवरून मोठा वळसा पडतो. म्हणूनच कदाचित मनोरीत अजून कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेली मासळी आणि ईस्ट इंडियन लोकांची कौलारू घरं दिसतात.

ओहोटीची वेळ बघून आले होते, त्यामुळे चिखल उघडा होता. राणीच्या बागेत झाडांना पाट्या असतात, इथे एकही नाही. पण थोडं वाचून आलं की झाडं स्वतःच ओळख देतात. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आली असतील तर ती तिवराची. ही मुळं श्वास घेण्यासाठी वर येतात, कारण त्या चिखलात हवा नसते. मुळं जाड आणि शंकूसारखी असतील तर चिपी. यातल्याच पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राने राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. काटेरी पानांची, जांभळ्या फुलांची ती मारांडी. तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागलं. आत आलेलं जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं.

निवट्यांचे फोटो काढायचा खूप प्रयत्न केला. पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारणारा हा मासा कॅमेरा रोखेपर्यंत शांत बसतो आणि बटण दाबताच गायब होतो. माझ्याकडे निवट्याच्या भोकांचे नऊ फोटो आहेत. खंड्याने मात्र एका काठीवर बसून हवे तेवढे फोटो काढू दिले.

पिलू सापडायला दुपार झाली. ते चिखलात नव्हतं. भरतीचं पाणी क्वचितच पोचतं अशा उंच बांधाच्या कडेला, खाली झुकलेल्या फांद्यांचं, फिकट हिरव्या जाडसर पानांचं झुडूप होतं. फांद्यांना मण्यांएवढ्या गुलाबी फळांचे घोस लागले होते. खाली पडलेलं एक पान चुरगळलं आणि मोहरीसारखा झणका नाकात गेला. तो वास मी लगेच ओळखला. अब्बांच्या सदऱ्याच्या खिशाला हाच वास यायचा.

गुडघे टेकून फोटो काढत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. "ओ बाई, कसले फोटो काढताय?"

खोटं कशाला सांगू, छातीत धस्स झालं. डोक्यावर हिजाब, हातात कॅमेरा, आसपास कुणी नाही. हल्ली अशा वेळी आधी काम सांगावं की नाव, याचा हिशेब मनात आपोआप सुरू होतो. मी वळून बघितलं. साठीपुढचे एक काका, गळ्यात क्रॉस, हातात मासळीची पिशवी.

"झाडांचे काढतेय काका. मी शिक्षिका आहे."

"म्हणजे सर्वेवाल्या नाय?"

"नाही, नाही."

त्यांचा चेहरा सैल झाला. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या महापालिकेच्या प्रकल्पासाठी मनोरी निवडलेली आहे. कुणी फोटो काढताना दिसलं की आता कुणाची जमीन मोजतायत, अशी शंका येते, असं ते म्हणाले. मला त्यांची भीती वाटली होती आणि त्यांना माझी. दोघांच्याही भीतीचं कारण वेगळं होतं, आणि समोरच्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मी त्यांना झाड दाखवलं. ते हसून म्हणाले, "हा तर मेसवाक. माझा आजा यानेच दात घासायचा. शेळ्यापण खातात." मशिदीबाहेर विकतात ती हीच काडी, असं मी सांगितल्यावर त्यांनी झाडाकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. "पैसे देऊन घेतात?" त्यांनी विचारलं.

वर्गात दाखवायला एक फांदी न्यावी असा मोह झाला होता. पण कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाने २००५ मध्येच मनाई केली आहे, आणि ती का, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा खाड्या आणि कांदळवनं बुजवल्याची किंमत आपण सगळ्यांनी मोजली. मी फक्त ते पडलेलं पान वहीत ठेवलं आणि असरच्या आधी परतीची बोट पकडली.

सोमवारी वर्गात फोटो दाखवले. 'पिलू' म्हटल्यावर मुलं हसली. "मिस, कोंबडीचं?" पान हातोहात फिरलं, प्रत्येकाने वास घेतला. मग त्याच मुलाने विचारलं, "मूळ काढलं तर झाड मरेल ना, मिस? मग मिसवाक करायची की नाही?"

या वेळी मी प्रश्न चुकवला नाही, पण माझ्याकडे तयार उत्तरही नव्हतं. मी तो वर्गालाच विचारला. एक मुलगी म्हणाली, फांदीचीही चालते. दुसरा म्हणाला, जेवढं काढायचं तेवढं लावायचं. कुणी म्हणालं, लावायचं कुठे, आपल्याकडे अंगण कुठे आहे? त्यावर सगळेच गप्प झाले. मीसुद्धा. दाताची सफाई ही सुन्नत आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. ती काडी देणाऱ्या झाडाचं आपण काही देणं लागतो का, हे माझ्या सातवीच्या वर्गाने मला पहिल्यांदा विचारायला लावलं.

मग सगळ्यांना त्यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. त्या मुलाची पहिली ओळ होती, 'मिसवाकचा झाड मनोरीला आहे.' शिक्षकाची सवय जात नाही. लाल पेनाने 'चा'चं 'चं' केलं आणि खाली लिहिलं, उत्तर बरोबर.