ट्रेमधला वड आणि मे महिन्यातला पाऊस

पुणे, ९ जून २०२५

चि. सौ. शैला हिस,


बोन्सायच्या मुळांखाली जमीन नसते, आणि त्याची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात. पंचगंगेच्या काठावरच्या वडाला एप्रिलात वरची माती भेगाळली तरी खोलवर ओल सापडते. जुलैत एका अंगाला पाणी साचले तर त्याची बाकीची मुळे दुसऱ्या अंगाला श्वास घेत राहतात. दोन-अडीच इंच खोल ट्रेमधल्या वडाला यातले काहीच जमत नाही. उन्हाळ्यात दुपारपर्यंत त्याची ओल संपते, पावसाळ्यात तीच ओल आठवडाभर हलत नाही. हवा लहरी झाली की हे दोन्ही त्रास अवेळी येतात, एवढेच. त्यावरून ‘पावसाचाच भरवसा राहिला नाही, तेव्हा झाडे कोणाला तरी देऊन टाकावीत’ असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे आहे. तो पत्रात लिहून पाठवणारीच्या गच्चीवर आप्पांचा उंबर आजही उभा आहे, आणि त्या उंबराने २०१९ चा महापूर पाहिलेला आहे.

हवा बदलली हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि यंदाचा मे त्याच नोंदींतला सर्वांत ओला मे. मोसमी पाऊस १ जूनऐवजी २४ मे रोजीच केरळात पोचला, दोन दिवसांत मुंबईला आला आणि मग दडी मारून बसला. मृगावर भिस्त ठेवणाऱ्या शेतकऱ्याची यात जी पंचाईत झाली, तीच कुंडी बदलण्याचा मुहूर्त ठरवून बसलेल्यांची झाली. कोल्हापूरला लहरीपणा तसा नवा नाही. शहरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या गगनबावड्यात पाच हजारांच्याही पुढे. अशा मुलखात कॅलेंडर पाहून पाणी घालण्याची रीत कधीच धड चालली नव्हती. ‘दिवसातून एकदा की दोनदा’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. उदबत्तीची काडी मातीत बोटभर खोचावी, दहा मिनिटांनी काढून पाहावी. ओलसर निघाली तर पाणी घालू नये, कोरडी निघाली तर तळाच्या भोकांतून वाहीपर्यंत घालावे. पान पिवळे पडले म्हणजे तहान लागली, असे समजणाऱ्यांनी तर ही काडी कानावर ठेवूनच गच्चीवर जावे. तहानेने पान पिवळे पडते तसे मूळ कुजूनही पडते, आणि कुजलेल्या मुळाला पाणी पाजणे हा मारण्याचाच प्रकार आहे.

पण पाणी ही पुढची गोष्ट. आधी माती. ट्रेमध्ये माती असताच कामा नये, हे जितक्या वेळा सांगावे तितके थोडे. बारीक कणांच्या फटींत केशाकर्षणाने पाणी अडून राहते आणि भोकापर्यंत पोचूनही बाहेर पडत नाही. तळाशी असा चिंब थर कायम राहतो. त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नव्हे, कणांच्या आकारावर ठरते. काळ्या मातीत तो काही इंचांचा भरतो. दहा इंचांच्या कुंडीत निदान वरची मुळे सुटतात. अडीच इंचांच्या ट्रेमध्ये सगळीच बुडतात, आणि हवेवाचून आठ-दहा दिवसांत बुरशीच्या तावडीत सापडतात. भांडी घासायचा स्पंज भिजवून ताटात आडवा ठेवला तर पाणी धरून बसतो, उभा धरला की खालून गळू लागतो. आडवा स्पंज म्हणजे बोन्सायचा ट्रे. तळाला खडी घातली की निचरा होतो ही समजूतही सोडून द्यावी. खडीमुळे चिंब थर नाहीसा होत नाही, तेवढाच वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो.

उपाय एकच: कण मोठे ठेवणे. जपानी लोक अकादामा नावाची ज्वालामुखीच्या मातीची गोळी वापरतात. ती इथवर मागवण्याची काही गरज नाही, कारण पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे आणि वीटभट्ट्या जिल्ह्यात पावलोपावली. जांभ्याच्या कपच्या किंवा पक्क्या विटेचे तुकडे फोडून तीन ते सहा मिलिमीटरचे खडे चाळून घ्यावेत, दोन मिलिमीटरखालची भुकटी निर्दयपणे फेकावी, आणि पाचव्या हिश्श्याहून अधिक शेणखत त्यात घालू नये. हा खडा पोटात पाणी धरतो आणि दोन खड्यांच्या मध्ये हवा. अशा ट्रेवर सलग आठ दिवस पाऊस कोसळला तरी मुळे गुदमरत नाहीत. उलट उन्हाळ्यात रोज पाणी घालावे लागते, पण ती गैरसोय माणसाची आहे, झाडाची नाही. हवामान कितीही बिघडो, खडा बरोबर असेल तर निम्मे संकट टळते. हे माहीत असूनही खास पन्हाळ्याहून आणलेले पोते जिन्याखाली पडून राहते आणि ट्रेमध्ये ‘ऊस किती जोमात येतो बघ’ म्हणून मळ्यातली काळी माती जाते, तिथे दोष पावसाला देण्यात काय हशील? उसाची मुळे ट्रेमध्ये राहत नाहीत.

दुसरी निवड झाडाची. वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल, कामिनी ही मंडळी इथली हवा ओळखतात. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे प्रदर्शन भरले, तिथून परतताना काहींना जुनिपरचा मोह आवरला नाही. जुनिपरला हिवाळ्यात खरी विश्रांती लागते. कोल्हापूरची थंडी एरवी चौदा-पंधरा अंशांवर थबकते, तेवढ्यात त्याची झोप होत नाही. ते वर्ष-दोन वर्षे हिरवे दिसत राहते, कारण मेलेला जुनिपरही बरेच दिवस हिरवा दिसतो. त्याचे खापर यंदाच्या मे महिन्यावर फोडू नये.

ऋतूंचे आता क्रमाने. मार्च ते मे या काळात हवेपेक्षा गच्चीची फरशी जास्त छळते. पारा अडतीसवर असताना उन्हातली फरशी आणि काळी प्लॅस्टिकची कुंडी त्याहून कितीतरी तापते आणि कडेची मुळे भाजतात. ट्रे फरशीवर न ठेवता विटांवर किंवा लाकडी घडवंचीवर ठेवावेत, वर पन्नास टक्के सावलीची हिरवी नेट बांधावी, फार ताप असेल तर ट्रेच्या कडांना ओले गोणपाट गुंडाळावे. पाणी सकाळी उन्हाआधी आणि लागलेच तर ऊन उतरल्यावर द्यावे. याच दिवसांत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण येतात. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा आणि निंबोळी अर्क एवढ्यावर ते बहुधा आवरतात. बोअरच्या जड पाण्याने ट्रेच्या कडेला पांढरा थर धरतो, तो वळवाच्या पावसाने धुऊन निघतो.

वळवाचा हा एवढा उपकार, बाकी तो धसमुसळाच. वावटळीत उंच झाड ट्रेसकट कोसळते, म्हणून ट्रेच्या भोकांतून तार ओवून खोड आधीच बांधून ठेवावे आणि ट्रे घडवंचीला. गारांचा अंदाज आला तर नेट दुहेरी करावी. वळवाच्या दोन सरींनी वरचे खडे भिजतात आणि खालचे कोरडेच राहतात, तेव्हा पाऊस पडला म्हणून पाणी चुकवण्याआधी काडीला विचारावे. यंदासारखा मेमध्येच मुक्कामी पाऊस आला तर नेट ताबडतोब काढावी. ढगाळ हवेत नेटखाली झाडाच्या कांड्या लांबतात आणि वर्षभराचा आकार महिन्याभरात बिघडतो.

पावसाळ्याला घाबरण्याचे कारण नाही, निदान वडवर्गीयांच्या बाबतीत तरी. दमट हवेत पारंब्या सुटतात, छाटलेल्या फांदीला आठवडाभरात कोंब येतात. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांनाही जून-जुलैतली ही वाढ अशीच हवी असते. वड टीव्हीसमोर आणून ठेवणे हे प्रेम नव्हे. घरात त्याला उजेड कमी पडतो आणि पाने झडतात. छताखाली न्यायचे ते जेड आणि अडेनियम, कारण त्यांच्या खोडात पाणी साठलेले असते आणि वरून आणखी आले की ती सडतात. बाकीच्या ट्रेंना झड लागल्यावर एका बाजूखाली वीट सरकवावी. ट्रे तिरपा झाला की भोकाच्या बाजूने चिंब थराचे पाणी उतरते. वाढ जोरात असल्यामुळे तार फांदीत रुततेही लवकर. दर आठवड्याला पाहावे, रुतू लागली तर उलगडत न बसता कापून काढावी. खत मुसळधारेत वाहून जाते, ते उघडिपीत आणि अर्ध्या मात्रेने द्यावे. ओल्या गच्चीच्या जिन्यावरून जड ट्रे एकट्याने खाली-वर करणे मात्र सर्वस्वी वर्ज्य. उंबर पडला तर दुसरा लावता येईल. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाचे तसे नसते, आणि डॉक्टरांनी काय सांगितले होते ते घरातल्या सर्वांना पाठ आहे.

पुराचे वेगळे लिहिणे भाग आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी धरली जाते; २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शहरात ऊन पडलेले असले तरी राधानगरी-गगनबावड्याकडचा पाऊस नदी चढवतो, म्हणून आकाशाकडे न पाहता बंधाऱ्याच्या पातळीच्या बातमीकडे पाहावे आणि इशारा पातळीलाच खालचे ट्रे गच्चीवर जावेत, उचलणारे दुसरे कोणी असेल तर. बुडालेला वड दोन-चार दिवस तगतो. त्याला मारतो तो ओसरल्यानंतर राहिलेला गाळ, कारण खड्यांच्या फटी लिंपून तो हवा तोडतो. वरचा थर खरवडून काढावा, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे आणि झाड सावलीत ठेवावे. त्याच दिवशी कुंडी बदलण्याची घाई करू नये.

ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. ढगांखाली आलेली पाने कोवळी असतात, ती एका दुपारीत करपतात. त्या आठवड्यात नेट पुन्हा लावून हळूहळू काढावी. ऑगस्ट कोरडा गेला तर हाच प्रकार दोन महिने आधी घडतो. थंडीत फारसे काही करावे लागत नाही. वाढ मंदावते, पाणी निम्म्यावर आणावे, अडेनियमचे जवळजवळ बंद करावे.

‘झाडे किती वर्षे सांभाळायची’ असेही त्या पत्रात आहे. वॉशिंग्टनच्या वृक्षोद्यानात १६२५ पासून ट्रेमध्ये वाढवलेला एक पांढरा पाइन आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाच्या पाच पिढ्यांनी तरी तो सांभाळला, भिंतीच्या आडोशाने तो १९४५ च्या अणुबॉम्बमधून वाचला आणि १९७६ मध्ये अमेरिकेला दिला गेला. तोही देऊनच टाकला होता हे खरे. पण भेट म्हणून, कंटाळून नव्हे.

राहिला कुंडी बदलण्याचा काळ. वडवर्गीयांसाठी तो फेब्रुवारीअखेरपासून पावसाच्या तोंडापर्यंतचा. तारीख ठरवू नये. फांदीच्या टोकाची कळी फुगली आणि रात्री उबदार झाल्या की मुळांचा तिसरा हिस्सा छाटून नवे खडे भरावेत, आणि दोन-तीन आठवडे झाड थेट ऊन-पावसापासून दूर ठेवावे. यंदा पाऊस आधी आला, तरी आताची उघडीप पुरेशी आहे. उंबराचे काम या आठवड्यात उरकता येईल. पोते जिन्याखालीच असेल. खडे चाळताना नाकाला रुमाल बांधावा, आणि शेजारच्या मुलाला हाक मारल्याशिवाय ट्रे हलवू नये.

तुझा,
दादा