खणात राहिलेली कॅसेट

१९९६-९७ च्या सुमारास वसतिगृहाच्या अधीक्षकपदाची जबाबदारी माझ्याकडे होती. सायंवंदनेनंतर अभ्यासाच्या तासाला दहावीतील एक विद्यार्थी टेपरेकॉर्डरला कान लावून बसलेला मला आढळला. कॅसेट त्याच्या थोरल्या भावाने मुंबईहून, फोर्टच्या पदपथावरून आणलेली होती. मी दोन मिनिटे ऐकली. गाण्यापेक्षा किंचाळ्याच अधिक. “असला गोंगाट येथे चालणार नाही,” असे म्हणून ती जप्त केली. वर्षअखेरीस परत द्यावयाची होती, ती राहून गेली. तो उत्तीर्ण होऊन निघून गेला.

पुढे बऱ्याच वर्षांनी खण आवरताना वेष्टनावरील ‘बुदोकान’ या शब्दाशी मी थबकलो. हा शब्द मला इतिहासाच्या वाचनातून ठाऊक होता. जपानमध्ये बौद्ध धम्म रुजविणाऱ्या राजपुत्र शोतोकूच्या स्मरणार्थ होर्यू-जी विहाराच्या परिसरात ७३९ मध्ये युमेदोनो ही अष्टकोनी वास्तू उभारली गेली. युमेदोनो म्हणजे स्वप्नांचे दालन. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधील ज्युदोसाठी बांधलेल्या बुदोकानची घडण त्याच वास्तूवरून घेतलेली आहे. तेथे १९६६ मध्ये बीटल्स गावयास आले, तेव्हा युद्धकलांच्या सभागृहात हा धिंगाणा नको, म्हणून जपानी राष्ट्रवाद्यांनी निदर्शने केली होती. (हे वाचताना माझा मलाच संकोच वाटला. मी तरी निराळे काय केले होते?)

शाळेचा जुना टेपरेकॉर्डर मागवून मी ती कॅसेट या वेळी पूर्ण ऐकली, आणि तिच्यामागील हकीकत शोधून वाचली.

‘चीप ट्रिक’ हा अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या रॉकफर्ड गावचा चौघांचा वाद्यवृंद. रॉबिन झँडर हा गायक, रिक नील्सन हा गिटारवादक आणि बहुतेक गाण्यांचा कर्ता. १९७७ आणि १९७८ मध्ये त्यांचे तीन अल्बम निघाले. मायदेशी फारशी दाद मिळाली नाही. ‘आय वाँट यू टू वाँट मी’ हे त्यांचे गाणे १९७७ मध्ये स्वतंत्र तबकडी म्हणून निघाले, तेही तेथे पडले. जपानमध्ये मात्र हीच गाणी उचलली गेली. १९७८ च्या एप्रिलमध्ये ते टोकियोस पोहोचले, तेव्हा घरी ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांच्याभोवती शाळकरी मुलींची झुंबड उडाली. २८ आणि ३० एप्रिलच्या बुदोकानमधील कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करण्यात आले, तेही केवळ जपानी श्रोत्यांसाठी. ऑक्टोबरमध्ये ते तेथे प्रसिद्ध झाले.

कंपनीच्या योजनेत पुढे काहीच नव्हते. परंतु अमेरिकेतील दुकानदार जपानी प्रती मागवू लागले, रेडिओ केंद्रे त्या वाजवू लागली, आणि आयात प्रतींचा खप हजारोंच्या घरात गेला. अखेर फेब्रुवारी १९७९ मध्ये कंपनीने तोच अल्बम अमेरिकेत काढला. तो बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचला. पडलेले ते गाणे सातव्या क्रमांकावर गेले. तिकडे पुढचा अल्बम तयार होऊन पडला होता, तो सप्टेंबरपर्यंत रोखून धरावा लागला. अमेरिकेतील विक्री तीस लाखांच्या पुढे गेली. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०१९ च्या यादीत त्याचा समावेश केला.

गाणे तेच, गाणारे तेच. मग बदलले काय? १९७७ चे स्टुडिओतील ध्वनिमुद्रण मी मुद्दाम मिळवून ऐकले. ते गोड आणि संथ आहे. वाद्यवृंदाला स्वतःलाही ते रुचले नव्हते. तू मला हवेसे मान, अशी विनवणी करणारे ते गाणे, आणि स्टुडिओत ती ऐकावयास कोणी नाही. बुदोकानमध्ये लय वाढलेली आहे, आणि मुख्य म्हणजे तेथे उत्तर येते. गायकाचा शब्द पुरा होतो न होतो तोच हजारो मुली तो उचलतात. पुढच्या वेळी गायक त्यांच्यासाठी क्षणभर थांबल्यासारखा वाटतो.

मी ज्यांना किंचाळ्या म्हटले होते, त्या याच. आमच्या वस्तीत भीमजयंतीच्या रात्री गायक ध्रुपदाशी येऊन थांबे आणि पुढची ओळ समोर बसलेल्या आयाबाया पुऱ्या करीत. माझी आई त्यांत असे. अक्षर न शिकलेल्या माझ्या आईचा चारचौघांत चढा लागलेला आवाज मी फक्त त्याच वेळी ऐकला आहे. त्याला कोणी गोंगाट म्हटले असते, तर मी भांडलो असतो.

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यास तो आला. कानशिलांवरचे केस पांढरे झालेले. जयभीम झाला, आणि मी कॅसेट त्याच्या हाती ठेवून दिलगिरी व्यक्त केली. तो हसला.

“सर, ऐकलीत का?”

“ऐकली.”

“मोठ्या आवाजात?”

“सगळे वसतिगृह सुट्टीवर गेल्यानंतर,” मी म्हणालो.

फीत एका बाजूने सैल पडली होती. त्याने माझ्या खिशातील पेन्सिल मागून घेतली आणि ती सावकाश गुंडाळावयास सुरुवात केली.