औषध कुणाच्या रक्तात?

मे-जून उजाडला की पुण्या-नाशकाकडून फोन सुरू होतात. मुलीला बारावीला उत्तम मार्क आहेत, नीटमध्ये थोडक्यात हुकलं, आणि कुणीतरी परदेशातल्या ‘जॉइंट डिग्री’चं नाव काढलंय. पहिली दोन वर्षं क्वालालंपूरला, पुढची दोन ग्लासगोला. विषय फार्मसी, जोडीला बायोमेडिकल सायन्स. सगळ्या पालकांचा प्रश्न एकच असतो : “मॅडम, हे शिकून ती होणार कोण? फार्मासिस्ट, की लॅबमधली?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. ब्रिटनमध्ये चार वर्षांची एम.फार्म., मग वर्षभराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलची परीक्षा, एवढं पार पडलं की फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते. ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे बिरुदही तिथे कायद्यानं राखीव आहे. ते लावायचं तर त्या विषयाची मान्यताप्राप्त पदवी, लॅबमधलं प्रशिक्षण आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलची नोंदणी लागते. दोन्ही विषय शिकले म्हणून दोन्ही परवाने हातात पडत नाहीत. भारतात परतायचं असेल तर ही पदवी इथल्या नोंदणीला चालेल का, हे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाकडे लेखी विचारून घ्यावं, आणि तेही फी भरण्याआधी.

परवान्यांचं एवढं पुरे. परवाना एकच मिळणार असेल तर दुसरा विषय शिकायचा कशाला, हे मात्र मला सविस्तर सांगायचं आहे, कारण माझ्या अध्यापनाचा सगळा जीव त्यात आहे.

मी पुण्यात बी.फार्म. केलं तेव्हा आमचं औषध बहुतेक वेळ काचेच्या भांड्यात असायचं. डिसोल्यूशनचं यंत्र, सहा भांडी, ३७ अंश तापमान, ठरावीक मिनिटांनी नमुना काढायचा आणि गोळी किती विरघळली ते मोजायचं. ते शिक्षण भक्कम होतं, आजही मला उपयोगी पडतं. पण रक्ताच्या ट्यूबा हा शेजारच्या डीएमएलटीवाल्यांचा प्रांत. गोळी गिळल्यावर पुढे तिचं काय होतं ते आम्ही आलेखावर शिकलो. तो आलेख ज्या रक्तातून निघतो, ते रक्त कुणी, कधी, कुठल्या ट्यूबमध्ये काढलं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही.

आता मी याच जोड-पदवीच्या वर्गात शिकवते, आणि तिथे एक केस देते. अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, हृदयाची ताकद कमी झालेली, रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ७.१. साधारण ३.५ ते ५.३ हवं, म्हणजे हा आकडा छातीत धडकी भरवणारा. फार्मसीकडे ओढा असलेली मुलं लगेच सरसावतात : ही दोन्ही औषधं पोटॅशियम वाढवतात, दोन्ही थांबवा, उपचार सुरू करा. त्यांचं चुकत नाही. पण लॅबमध्ये रमणारी एखादी मुलगी रिपोर्टच्या खालच्या ओळींवर बोट ठेवते. कॅल्शियम १.१, म्हणजे निम्म्यावर, आणि अल्कलाइन फॉस्फटेजही फार कमी. एवढं कमी कॅल्शियम असलेला माणूस शांतपणे बसून चहा कसा पिईल? तिला जांभळ्या झाकणाच्या ट्यूबचा संशय येतो. त्या ट्यूबमध्ये पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. रक्त आधी त्या ट्यूबमध्ये काढलं आणि कमी पडलं म्हणून त्यातलं थोडं दुसरीत ओतलं, की पोटॅशियम वर जातं, कॅल्शियम तळाला जातं आणि ज्या एन्झाइमना धातूंचे अणू लागतात ती लुळी पडतात. माणूस ठणठणीत असतो, रिपोर्ट आजारी असतो.

इथे मी वर्गाला थांबवते. समजा ती मुलगी चुकली आणि पोटॅशियम खरोखरच ७.१ असलं, तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून ईसीजी तत्काळ काढायचा, नवा नमुना तातडीनं पाठवायचा, आणि दोन्ही औषधांचा पुढचा डोस रिपोर्ट येईपर्यंत रोखायचा. या तीन गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी याव्यात, एवढ्यासाठी ही पदवी आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं उदाहरण फेनिटॉइनचं, फिट्सवरचं जुनं, स्वस्त औषध. रक्तातलं सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. काम करतं ते उरलेलं मोकळं. रुग्ण कुपोषित असेल, अल्ब्युमिन घटलेलं असेल, तर एकूण पातळी कमी दिसते आणि मोकळं औषध मात्र पुरेसं असतं. आकडा बघून कुणी डोस वाढवला तर? फेनिटॉइन यकृतात मोडणाऱ्या एन्झाइमची क्षमता लवकर संपते. टोलनाक्यासारखं आहे ते : गाड्या बेतानं येतात तोवर रांग लागत नाही, नाक्याची क्षमता भरली की पाच-पन्नास गाड्यांनीही मैलभर खोळंबा होतो. डोस ३०० वरून ४०० मिलिग्रॅम केला की पातळी दुपटीच्याही पुढे जाऊ शकते, डोळे फिरतात, तोल जातो. शिवाय जेल असलेल्या ट्यूबमध्ये नमुना फार वेळ राहिला तर काही औषधं, त्यात फेनिटॉइनही आलं, जेलमध्ये शोषली जातात आणि आकडा आणखी खाली येतो. आकड्यामागे प्रथिन आहे, एन्झाइम आहे, ट्यूब आहे आणि या सगळ्यांच्या पलीकडे माणूस आहे. यातलं कुठलंही एक न शिकता डोस ठरवायचा म्हणजे अंधारात दगड मारणं.

ग्लासगोत हे दोन विषय एका छपराखाली आहेत. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाची कॅथीड्रल स्ट्रीटवरची संस्था नावातच फार्मसी आणि बायोमेडिकल सायन्सेस दोन्ही मिरवते. त्या विद्यापीठातल्या एका औषधाची गोष्ट मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी जी औषधं देतात, त्यांचा निचरा पूर्वी मुख्यतः मूत्रपिंड आणि यकृतावर अवलंबून असे. मूत्रपिंडं निकामी असलेल्या रुग्णात परिणाम कधी ओसरेल याचा नेम नसे. औषधी रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्टेनलेक पेटॅलीन नावाच्या एका वनस्पतिजन्य अल्कलॉइडचा अभ्यास करत होते, आणि हे अल्कलॉइड सौम्य परिस्थितीतही आपण होऊन तुटायचं. एखाद्याला ती डोकेदुखी वाटली असती. त्यांना त्यात औषध दिसलं : शरीराच्या तापमानाला आणि रक्ताच्या पीएचला जो रेणू स्वतःच मोडून पडेल, त्याला यकृत-मूत्रपिंडांची मिनतवारी करावी लागणार नाही. त्यातून ॲट्राक्युरियम जन्माला आलं आणि १९८०च्या दशकात वापरात आलं. रेणू तुटतो ते हॉफमन एलिमिनेशननं, म्हणजे आपण बी.एस्सी.ला पाठ करतो त्याच अभिक्रियेनं.

ॲट्राक्युरियमची कुपी फ्रिजमध्ये का ठेवतात, द्रावण आम्लधर्मी का असतं, अल्कधर्मी थायोपेंटोनबरोबर ते एकाच सिरिंजमध्ये का भरू नये, ही सगळी उत्तरं त्या एका कल्पनेतून मिळतात. रेणूला कुपीत टिकवायचं आणि रक्तात मोडू द्यायचं. भारतातल्या ऑपरेशन थिएटरांमध्येही ही कुपी रोजची आहे. रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र एकमेकांशी बोलले की काय घडतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण शरीर म्हणजे कुणाचं शरीर? दोन देशांतल्या शिक्षणाचं खरं मोल मला इथे वाटतं. कार्बामाझेपिन फिट्सवर आणि चेहऱ्याच्या नसेच्या असह्य कळांवर देतात. काही थोड्या जणांना त्यानं स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो : अंगावर फोड येतात, कातडी सोलवटते, तोंडातली आणि डोळ्यांतली नाजूक त्वचा उतरते, काहींचा जीव जातो. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी अशा ४४ रुग्णांची जनुकं तपासली. ४४ पैकी ४४ जणांत एचएलए-बी १५:०२ हा एकच प्रकार सापडला. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी तपासणी करण्याची सूचना औषधाच्या माहितीत घातली. युरोपीय लोकांत हा प्रकार अगदी विरळा. तिथे कार्बामाझेपिनच्या ॲलर्जीचा संबंध मुख्यतः एचएलए-ए ३१:०१ या दुसऱ्या प्रकाराशी सापडला. म्हणजे औषध तेच, धोका तोच, आणि खूण वेगळी.

क्वालालंपूरच्या रुग्णालयात एकाच वॉर्डात मलय, चिनी आणि तमिळ रुग्ण शेजारी शेजारी असतात. दोन वर्षं तिथे काढलेली मुलं ग्लासगोला येतात, बीएनएफ हा ब्रिटनचा औषधांचा संदर्भग्रंथ उघडतात आणि वाचतात की ही तपासणी हान चिनी आणि थाई वंशाच्या रुग्णांसाठी करावी. लगेच हात वर होतो : “आणि मलय?” मलय रुग्णांतही हा संबंध मलेशियातल्या अभ्यासांत दिसला आहे, भारतीय रुग्णांतही दिसला आहे. पुस्तकातली यादी ज्या लोकसंख्यांचा अभ्यास आधी झाला त्यांच्यावरून बनते, हे माझ्या व्याख्यानापेक्षा त्या हातानं वर्गाला जास्त समजतं. फक्त ग्लासगोत शिकलेल्या मुलाच्या मनात तो प्रश्न इतक्या सहज येत नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्यानं तो वॉर्ड पाहिलेला नाही.

आपल्याकडचंही सांगायला हवं. ॲझाथायोप्रीन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्याआधी युरोपात टीपीएमटी या एन्झाइमची तपासणी होते. आशियाई लोकांत, भारतीयांतही, एनयूडीटी१५ या जनुकातले बदल तितकेच, किंबहुना जास्त महत्त्वाचे ठरतात. ज्यांच्यात ते असतात त्यांचे हे औषध घेतल्यावर केस भराभर गळतात, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला उतरतात. युरोपची तपासणी जशीच्या तशी उचलली तर आपला रुग्ण तिच्यातून निसटतो.

परदेशी पदवी सगळ्यांना परवडणारी नाही, आणि ती घ्यावीच असं मी कुणाला सांगतही नाही. पण महाराष्ट्रात एकाच शिक्षणसंस्थेच्या आवारात बी.फार्म.चं कॉलेज आणि डीएमएलटीचा वर्ग आहे, अशी ठिकाणं कितीतरी आहेत. दोन्हीकडच्या मुलांना एका शनिवारी एका टेबलाशी बसवावं. फार्मसीच्या मुलांच्या हातात रुग्णाचा औषधांचा तक्ता, लॅबच्या मुलांच्या हातात डिगॉक्सिनच्या पातळीचा रिपोर्ट, आणि नमुना घेतल्याची वेळ मुद्दाम कोरी. गोळी घेतल्यावर निदान सहा तास गेल्याशिवाय डिगॉक्सिनच्या आकड्याला अर्थ नसतो, कारण तोवर औषध रक्तातून हृदयाच्या स्नायूत पुरतं पोचलेलं नसतं. गोळी सकाळी आठला, रक्त नऊला, अशी केस असेल तर आकडा विषारी दिसेल आणि रुग्णाला काहीच झालेलं नसेल. ती वेळ कुणी विचारायची, यावर दोन्ही बाजूंनी भांडू द्यावं. अशा काही केसेस रुग्णांची ओळख पुसून मी मराठीत लिहून ठेवल्या आहेत. ज्या कॉलेजला हव्यात त्यांनी मागाव्यात, मी पाठवीन.