लाल कोट आणि बर्फातली सुरई

लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बुलेव्हार्डवर पायाखाली नटनट्यांच्या नावांचे तारे असतात आणि चार पावलांवर पर्यटकांसोबत फोटो काढून पैसे मागणारा एखादा स्पायडरमॅन. या कलकलाटातून ‘मुसो अँड फ्रँक ग्रिल’मध्ये शिरलं की मंद उजेडाला डोळे सरावायला जरा वेळ लागतो. गडद महोगनी लाकूड, उंच पाठीची लाल बाकं, आखूड लाल कोटातले वेटर. उंच पाठीमुळे शेजारच्या बाकावरचं बोलणं तिथेच राहतं.

हे उपाहारगृह १९१९ साली सुरू झालं आणि जानेवारी १९२०मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. ज्या मार्टिनीसाठी आज लोक इथे येतात, ती कायद्याने विकायला १९३३चा डिसेंबर उजाडावा लागला. तोवर स्वयंपाकावरच तगायचं होतं. बार नावारूपाला आला तरी चूल मागे पडली नाही. काउंटरवर बसलेल्याच्या डोळ्यांदेखत जाळीवर स्टेक भाजला जातो. भाजी, बटाटा हवा तर वेगळा मागवायचा. ताटात मांसाला सोबत लागत नाही, इतका त्याच्यावर भरवसा.

मार्टिनीचंही तसंच. जिन आणि किंचित व्हर्माउथ बर्फात ढवळतात, शेकरमध्ये हलवत नाहीत. हलवलं की बर्फाचे कण सुटतात आणि पेय गढुळतं. पेला मुद्दाम लहान. उरलेली मार्टिनी काचेच्या चिमुकल्या सुरईत, आणि सुरई बर्फात रोवलेली. मोठ्या पेल्यातली मार्टिनी संपता संपता कोमट होते. इथे शेवटचा घोटही गारच लागतो. जुन्या पद्धतीचं मोल अशा ठिकाणी कळतं.

चार्ली चॅप्लिन इथला नेहमीचा. फिट्झजेराल्ड, फॉकनर, रेमंड चँडलर हे लेखक मागच्या खोलीत बसत. शेजारीच स्टॅन्ली रोज यांचं पुस्तकांचं दुकान होतं. पुढे ती मागची खोली सोडावी लागली, तेव्हा १९५५मध्ये तिथला बार उचलून नव्या दालनात आणून बसवला. नवा घेणं सोपं गेलं असतं.

पण थोरामोठ्यांच्या नावांनी माणूस फार तर एकदा येतो. पुन्हा येतो तो वाढणाऱ्या माणसांमुळे. इथले बारटेंडर रुबेन रुएडा १९६७मध्ये कामाला लागले आणि २०१९मध्ये वारले. पन्नासहून अधिक वर्षं एकाच जागी. गिऱ्हाइकाला काय आवडतं हे इतक्या काळात नोंदवहीत लिहावं लागत नाही. हॉटेलातली नोकरी ही तात्पुरती सोय, असं सगळीकडे धरून चाललेलं असताना इथे तो आयुष्यभराचा पेशा ठरला, आणि त्याचा मान पेला समोर ठेवणाऱ्या हाताच्या संथपणात दिसतो.

मालकीही १९२७मध्ये जॉन मोसो भागीदार झाले तेव्हापासून त्यांच्याच घराण्यात चालत आली आहे. पदार्थाचा वारही तसाच ठरलेला: चिकन पॉट पाय इथला गुरुवारचा. तो आवडणारे आपला आठवडा त्याप्रमाणे आखतात.